बँक कुणाच्या मालकीची? धनंजयराव गाडगीळांचा न संपलेला हिशेब

बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाला आमच्या कसबा पेठेत एक प्रश्न हटकून विचारला जातो. पैसे ठेवायचे कुठे? सरकारी बँकेत, खाजगी बँकेत की ओळखीच्या सहकारी बँकेत? विचारणाऱ्याचे मत बहुधा आधीच ठरलेले असते. सरकारी बँक बुडत नाही, पण तिथे खिडकीपलीकडचा माणूस वर तोंड करून बघत नाही. खाजगी बँकेत खुर्ची देतात, पाणी विचारतात, पण मालक कोण याचा पत्ता लागत नाही. सहकारी बँकेतला संचालक नात्यातला, निदान आळीतला तरी असतो. तिथे व्याज थोडे जास्त आणि मनातली धाकधूकही थोडी जास्त.

हा प्रश्न मुळात मालकीचा आहे. बँक कुणाच्या मालकीची असली म्हणजे ती चांगली चालते? अर्थशास्त्रज्ञ आजही त्यावर जाडजूड प्रबंध लिहितात. परंतु या प्रश्नाच्या तिन्ही बाजू प्रत्यक्ष हाताळलेला एक माणूस पुण्यात होऊन गेला. त्याने सहकारी बँक चालवली, सरकारी बँकेच्या जन्माला हातभार लावला आणि खाजगी बँकांच्या कामाचा पंचनामाही केला. तो माणूस म्हणजे धनंजय रामचंद्र गाडगीळ. नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष आणि राज्यांना निधी वाटून देणाऱ्या गाडगीळ सूत्राचे जनक म्हणून त्यांचे नाव पाठ्यपुस्तकात येते. बँकांच्या संदर्भात मात्र त्यांची आठवण फारशी कुणी काढत नाही.

नागपूर ते पुणे, केंब्रिजमार्गे

गाडगीळांचा जन्म १० एप्रिल १९०१ रोजी नाशिकचा. शिक्षणासाठी ते केंब्रिजला गेले. तिथे त्यांनी हिंदुस्थानच्या औद्योगिक स्थित्यंतरावर प्रबंध लिहिला आणि १९२४ मध्ये तो पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला. तेव्हा त्यांचे वय अवघे तेवीस होते. गिरण्या आणि रेल्वे आल्यावर जुन्या कारागिरांचे काय झाले, शेतकरी बाजाराला कसा जोडला गेला, याचा तो शांतपणे मांडलेला हिशेब होता. ते पुस्तक पुढे कित्येक पिढ्यांनी अभ्यासले.

परत आल्यावर काही काळ सरकारी नोकरी आणि मग सुरतेच्या महाविद्यालयाचे प्राचार्यपद झाले. १९३० मध्ये रावबहादूर रा. रा. काळे यांच्या देणगीतून पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था उभी राहिली. तिचे संचालकपद गाडगीळांकडे आले आणि ते त्यांनी १९६६ पर्यंत, म्हणजे छत्तीस वर्षे सांभाळले. अर्थशास्त्र पुस्तकातून नव्हे तर घरोघर फिरून शिकायचे, हा या संस्थेचा बाणा. गाव, बाजारपेठ, मोटारवाहतूक, फळबाजार, काहीही असो, आधी मोजायचे आणि मग बोलायचे.

१९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात या संस्थेने खुद्द पुणे शहराची पाहणी हाती घेतली. तिचा पहिला भाग १९४५ मध्ये आणि दुसरा १९५२ मध्ये प्रसिद्ध झाला. शहरातली कुटुंबे काय कमावतात, कुठले धंदे करतात, धंद्याला पैसा कुठून आणतात, हे सारे तीत तपासले होते. कसबा ही पुण्याची सर्वांत जुनी वस्ती. इथल्या माणसाला त्या पाहणीचे मर्म वेगळे समजावून सांगावे लागत नाही. तांबट आळीत हातोड्यांचा ठोका पेशवाईपासून चालत आला. पण ठोका घालणाऱ्याचा हात आणि त्याच्यापुढचा तांब्याचा पत्रा यांचा मालक एकच असेल, असे क्वचितच घडे. पत्रा कारखानदाराचा किंवा व्यापाऱ्याचा आणि तांबटाला मिळायची ती मजुरी. स्वतःचा पत्रा घ्यायचा तर भांडवल हवे. ते द्यायला बँक तयार नाही आणि जो द्यायला तयार आहे, तोच घंगाळाचा भावही ठरवणार. कर्ज कोण देतो यावर कमाई कुणाची हे ठरते. गाडगीळांच्या पुढच्या आयुष्यभराच्या कामात हे सूत्र पुनःपुन्हा भेटते.

रुपयाचा मालक, शंभरांचा कारभारी

इथे जरा थांबून बँकेची मालकी म्हणजे काय ते पाहू. घरातले कर्ते पुरुष आणि गृहिणी दोघांनाही ते ठाऊक असले पाहिजे.

किराणा दुकानाच्या मालकाचा पैसा दुकानात गुंतलेला असतो. बँकेचे तसे नाही. बँकेत फिरणारा पैसा प्रामुख्याने ठेवीदारांचा. १९६९ मध्ये ज्या १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, त्यांच्या ठेवी अडीच हजार कोटी रुपयांहून अधिक होत्या आणि भागधारकांनी भरलेले भांडवल तीस कोटींच्याही आत होते. म्हणजे शंभर रुपयांच्या ठेवीमागे भागधारकाने घातलेला जेमतेम रुपया. तो रुपयाचा धनी शंभर रुपये कुणाला द्यायचे हे ठरवणार.

म्हणून बँकेत मालक कोण याचा खरा अर्थ असा की, कर्ज मंजूर करणारा माणूस कुणाला भितो? खाजगी बँकेत तो भागधारकाला भितो आणि भागधारकाला हवा असतो नफा. सरकारी बँकेत तो मंत्रालयाला भितो आणि मंत्रालयाला हव्या असतात शाखा, योजना आणि कधीकधी मते. सहकारी बँकेत तो सभासदाला भितो. तिथे शेअर कितीही असोत, माणशी मत एकच. पण कर्ज घ्यायचे तर सभासद व्हावे लागते आणि ठेव ठेवायला व्हावे लागत नाही. त्यामुळे सहकारी बँकेच्या मतदारयादीत कर्जदारांचा भरणा मोठा असतो आणि ज्यांचा पैसा आहे ते बहुतेक यादीबाहेर असतात.

माझ्या एका आत्यांच्या बाबतीत हेच झाले. एका नागरी सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध आणले आणि आत्यांची मुदत ठेव अडकली. बँकेचे नाव इथे महत्त्वाचे नाही. वीस वर्षे त्या तिथे पैसे ठेवत होत्या, पण एकदाही त्यांना सर्वसाधारण सभेची नोटीस आली नव्हती, कारण त्या सभासदच नव्हत्या. आत्या मला म्हणाल्या, अरे, मी बँकेला उधार देत होते हे मला कुणी सांगितलेच नाही! हिशेबाच्या भाषेत ते अगदी बरोबर होते. ठेवीदार हा बँकेचा धनको. मालकीहक्काचे मत त्याला तिन्ही प्रकारांत नाही.

लोणीच्या माळावर

गाडगीळांचा ओढा सहकाराकडे होता. परंतु तो भाबडा नव्हता. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या लोणीला विठ्ठलराव विखे पाटील शेतकऱ्यांच्या मालकीचा साखर कारखाना काढायच्या खटपटीत होते. त्या प्रवरा कारखान्याचे पहिले अध्यक्षपद गाडगीळांनी स्वीकारले आणि बरीच वर्षे सांभाळले. १९५०-५१ च्या हंगामात कारखान्याचे गाळप सुरू झाले. केंब्रिजचा पदवीधर पुण्याहून जाऊन उसाच्या शेतकऱ्यांच्या सभा चालवतो, ही त्या काळी नवलाची गोष्ट होती. मला त्यातली हिशेबाची बाजू महत्त्वाची वाटते. शेतकऱ्यांनी पदरचे भागभांडवल आधी घातले होते. नुकसान झाले तर ते त्यांचे होणार होते. मालकाचे स्वतःचे काही पणाला लागलेले असले म्हणजे कारभारावर त्याची नजर राहते, ही गोष्ट लोणीत दिसली.

पुढे ते राज्य सहकारी बँकेचेही अध्यक्ष झाले. जिल्हा बँका, गावोगावच्या सोसायट्या आणि साखर कारखाने यांना पैसा पुरवणारी ही शिखर संस्था. संयुक्त महाराष्ट्राची आर्थिक बाजू मांडणाऱ्यांतही ते होते. पण देशाच्या बँकव्यवस्थेवर त्यांची छाप उमटली ती एका पाहणीने.

१९५१ मध्ये रिझर्व्ह बँकेने ग्रामीण पतपुरवठ्याची देशव्यापी पाहणी हाती घेतली. ७५ जिल्हे, ६०० गावे आणि सव्वा लाखाहून अधिक कुटुंबे. तिचे सूत्र सांभाळणाऱ्या समितीचे अध्यक्ष अ. दि. गोरवाला होते आणि गाडगीळ तिचे सदस्य. डिसेंबर १९५४ मध्ये निष्कर्ष बाहेर आले, तेव्हा सहकाराच्या पुढाऱ्यांची झोप उडाली असेल. शेतकरी जे कर्ज काढत होता, त्यातले सहकारी संस्थांकडून मिळणारे होते ३.१ टक्के. सरकारकडून ३.३ टक्के. व्यापारी बँकांकडून तर एक टक्काही नाही, ०.९. सावकारांचा वाटा मात्र जवळपास सत्तर टक्के. सहकाराचा पहिला कायदा १९०४ चा. पन्नास वर्षांच्या कामाचे फळ शंभरात तीन रुपये!

दुसरा कुणी असता तर त्याने एक तर आकडे झाकले असते, नाही तर सहकाराचा नाद सोडला असता. समितीने दोन्ही केले नाही. सहकार फसला हे तिने मान्य केले आणि त्याला पर्याय नाही हेही तितक्याच ठामपणे मांडले. मग फसला का? गावची सोसायटी कागदावर सर्वांच्या मालकीची होती, पण गावातला धनदांडगाच तिचा पंच होता. सावकार, व्यापारी आणि पंच एकच असल्यावर एक माणूस एक मत या नियमाला अर्थ उरत नाही. छोट्या दुबळ्या संस्थेला त्याच्यापुढे उभे राहायचे तर बाहेरून बळ हवे. म्हणून सरकारने सहकारी संस्थांत भागीदार व्हावे, कर्ज जमिनीच्या तारणापेक्षा पिकाच्या अंदाजावर द्यावे, कर्जाची सांगड मालाच्या विक्रीशी आणि गोदामांशी घालावी, असे तिने सुचवले. सरकार भागीदार म्हणून आत येणे काही जुन्या सहकारी मंडळींना रुचले नाही. त्यांची शंका अगदीच गैर नव्हती, हे पुढे दिसले.

त्याच अहवालातून इंपीरियल बँकेचे रूपांतर झाले आणि १ जुलै १९५५ रोजी भारतीय स्टेट बँक अस्तित्वात आली. पाच वर्षांत ४०० नव्या शाखा उघडायच्या, अशी अट तिच्यावर घातली गेली आणि ती तिने पुरी केली. भागधारकांच्या इंपीरियल बँकेला तालुक्याच्या गावी शाखा काढणे परवडण्यासारखे वाटत नव्हते. मालक बदलला आणि तेच काम कर्तव्य ठरले.

अभ्यास चालू असताना मालक बदलला

१९६७ मध्ये गाडगीळ नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष म्हणून दिल्लीला गेले. तेव्हा खाजगी बँकांवर टीकेची झोड उठली होती. मोठ्या उद्योगघराण्यांच्या हाती बँका आहेत आणि ठेवीदारांचा पैसा त्याच घराण्यांच्या धंद्यांत जातो, हा आक्षेप होता. बँका बुडण्याच्या आठवणीही ताज्या होत्या. १९६० मध्ये केरळातली पलाई सेंट्रल बँक आणि आपल्या अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली होती. ठेवींचा विमा सुरू झाला तो त्यानंतर, १९६२ मध्ये.

ऑक्टोबर १९६८ मध्ये गाडगीळांच्या अध्यक्षतेखाली एक अभ्यासगट नेमला गेला. बँकांनी समाजाच्या गरजा भागवण्यासाठी आपली रचना कशी करावी, हा त्याचा विषय. अभ्यास चालू असतानाच १९ जुलै १९६९ रोजी इंदिरा गांधींच्या सरकारने १४ मोठ्या बँका ताब्यात घेतल्या. १९३५ मध्ये प्रा. वा. गो. काळे आदी मंडळींच्या पुढाकाराने दहा लाखांच्या अधिकृत भांडवलावर पुण्यात स्थापन झालेली बँक ऑफ महाराष्ट्रही त्यांत होती. भागधारक न्यायालयात गेले आणि फेब्रुवारी १९७० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द ठरवला. चारच दिवसांत सरकारने नवा वटहुकूम काढला आणि ८७ कोटी ४० लाखांची भरपाई ठरवली.

या धामधुमीत, ऑक्टोबर १९६९ मध्ये, गाडगीळ गटाचा अहवाल आला. गट नेमला तेव्हा बँकांचे मालक भागधारक होते, अहवाल आला तेव्हा सरकार होते. पण अहवालातला रोग तोच राहिला. देशातल्या सुमारे सहा लाख खेड्यांपैकी व्यापारी बँका पोचल्या होत्या जेमतेम पाच हजारांपर्यंत. दिल्लीतली पाटी बदलल्याने हे आपोआप बदलणार नव्हते. म्हणून गटाने सांगितले की प्रदेश वाटून घ्या, एकेका जिल्ह्याची जबाबदारी एकेका बँकेवर टाका, तिथली गरज मोजा आणि मग शाखा काढा. डिसेंबर १९६९ मध्ये रिझर्व्ह बँकेने सुरू केलेली अग्रणी बँक योजना ती हीच. ती आजही चालू आहे.

निवडणुकीनंतर नियोजन मंडळाची फेररचना झाली आणि गाडगीळ पदावरून दूर झाले. ३ मे १९७१ रोजी पुण्याला परतताना प्रवासातच त्यांचे निधन झाले. सत्तर वर्षांचे आयुष्य.

त्यांच्या पश्चात

पुढचा हिशेब त्यांना पाहता आला नाही. १९६९ मध्ये देशात बँकांच्या ८,२६२ शाखा होत्या, १९९१ पर्यंत त्या साठ हजारांवर गेल्या. सरकारी मालकीने खेड्यात बँक नेली, हे कुणी नाकारू नये. पण मालकाची मर्जी कर्जवाटपातही शिरली. कर्जमेळावे झाले, १९९० ची कर्जमाफी झाली. १९९२ नंतर बुडीत कर्जे कडक नियमांनी मोजायला सुरुवात होताच कित्येक सरकारी बँकांचे ताळेबंद तोट्यात गेले. त्यांना वाचवायला सरकारी तिजोरीतून, म्हणजे तुमच्याआमच्या करातून, भांडवल ओतावे लागले.

म्हणजे खाजगी मालकी बरी? साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न बँक खाजगी होती. २००६ मध्ये तिच्यावर निर्बंध आले आणि ती दुसऱ्या बँकेत विलीन झाली. २०२० मध्ये येस बँकेला सावरायला स्टेट बँकेला धावावे लागले. मग सहकारी बरी? २०११ मध्ये रिझर्व्ह बँकेने राज्य सहकारी बँकेचे संचालक मंडळ बरखास्त केले. ज्या बँकेचे गाडगीळ एकेकाळी अध्यक्ष होते, तीच ही बँक. पुण्याच्या १९१२ सालच्या रुपी बँकेचा परवाना २०२२ मध्ये रद्द झाला. पण १९०६ मध्ये पुण्यातच सुरू झालेली कॉसमॉस बँक सहकारी असूनच शंभरी पार करून गेली.

मालक तोच असूनही निकाल किती बदलतो, तेही पाहण्यासारखे आहे. २०१७-१८ मध्ये सरकारी बँकांचा एकत्रित तोटा ८५ हजार कोटींवर होता. २०२३-२४ मध्ये त्यांचाच नफा १ लाख ४१ हजार कोटींच्या घरात गेला. मधल्या काळात मालक बदलला नव्हता. बुडीत कर्जे लपवणे बंद झाले, वसुलीचा कायदा कडक झाला, बँका एकमेकींत विलीन झाल्या आणि भांडवल पुन्हा ओतले गेले. बँक ऑफ महाराष्ट्रवर २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेने बंधने घातली होती. २०१९ च्या जानेवारीत ती उठली आणि पुढे कमी थकबाकीच्या बँकांत तिचे नाव घेतले जाऊ लागले.

मला यातून गाडगीळांची पद्धत आठवते. मालकी कुठली, हा त्यांचा पहिला प्रश्न असे, पण शेवटचा कधीच नसे. मालकीने ठरते ते बँकेचे तोंड कुठे वळते एवढेच. खेड्याकडे, नफ्याकडे की सभासदाकडे. ती धडधाकट राहते की नाही, हे ठरते कर्ज देणारा आणि घेणारा वेगवेगळे आहेत का यावर आणि हिशेब कुणी तिऱ्हाईत खरोखर तपासतो का यावर. सावकारच पंच झाला म्हणून सोसायटी बुडाली, हे १९५४ मध्ये मांडले गेले होते. आजच्या बुडालेल्या बँकांच्या कहाण्यांत गावाऐवजी शहर आणि सावकाराऐवजी संचालकाचा मेहुणा घाला, गोष्ट फारशी बदलत नाही. सहकारी बँकांवर रिझर्व्ह बँकेची पकड घट्ट करणारी दुरुस्ती २०२० मध्ये झाली, तीही याच अनुभवातून.

मग पैसे ठेवायचे कुठे? विचारणाऱ्याला मी तीन गोष्टी सांगतो. ठेवीचा विमा फेब्रुवारी २०२० पासून पाच लाखांपर्यंत आहे आणि तो तिन्ही प्रकारच्या बँकांना सारखाच आहे. एका बँकेतली रक्कम त्या मर्यादेत ठेवता आली तर ठेवा. दुसरे, व्याजाच्या पाटीआधी बँकेच्या वार्षिक अहवालातला थकबाकीचा आकडा बघा. तो सापडत नसेल तर तेच उत्तर समजा. आणि तिसरे, सहकारी बँकेत पैसे असतील तर थोडे शेअर घेऊन सभासद व्हा. सर्वसाधारण सभेची नोटीस आली की चहा आणि चिवड्यासाठी का होईना, पण जा. हातातला अहवाल उघडा आणि उभे राहून विचारा, सर्वांत मोठी दहा कर्जे कुणाला दिली आहेत? संचालकांना राग येईल. येऊ द्या. गाडगीळांनी सव्वा लाख घरांची नोंद असलेला हिशेब देशापुढे मांडला, तेव्हाही पुष्कळांना तो आवडला नव्हता.